दांडी कोणी धरायची

वेंकोजीरावांचे पूर्वज म्हणे म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात भाले घेऊन फिरायचे. वेंकोजीरावांच्या वाट्याला आला चार पौंडी हातोडा. म्हैसुरातल्या लष्कर मोहल्ल्यात रस्त्याला लागून त्यांचं टायरचं दुकान, आणि मागे घर. पंक्चर काढणारे गावात पुष्कळ आहेत. पण चाकाला लॉकनट असला आणि त्याची चावी हरवली, की भलेभले मेकॅनिक हात टेकतात आणि गिऱ्हाइकाला वेंकोजीरावांचा पत्ता सांगतात.

हा लॉकनट म्हणजे डोक्याला ताप. चाक चोरीला जाऊ नये म्हणून त्याच्या नटांतला एक मुद्दाम वेगळ्या आकाराचा बसवतात. तो फिरवायला त्याच्याच मापाचा एक लोखंडी तुकडा लागतो. तीच त्याची चावी. ती जवळ असली तर काम दोन मिनिटांचं, नसली तर मालकच चोर ठरतो. म्हैसूरकरांची ती हरवण्याची तऱ्हाही खास. आयुधपूजेला गाडीतली सगळी हत्यारं बाहेर काढायची, कुंकू लावायचं, शेवंतीच्या फुलांनी झाकून टाकायची. मग निर्माल्य गोळा करून नदीत सोडताना तो एवढासा तुकडाही फुलांबरोबर जातो. दसऱ्यानंतर महिना दीड महिना वेंकोजीरावांकडे अशी मंडळी खाली मान घालून येत राहतात.

वेंकोजीरावांकडे उलट्या पिळाच्या दातांचं एक सॉकेट आहे. ते नटावर ठोकून बसवलं की दात रुततात, आणि नट सोडवायला फिरवावं तसे आणखी रुततात. ऐकायला सोपं आहे. पण नट असतो रिमच्या खोल खळग्यात. म्हणून सॉकेटला लांब दांडी जोडायची, ती एकाने अगदी सरळ धरायची आणि दुसऱ्याने दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर घाव घालायचा. दांडी जराशी कलली तर रिम गेलाच. एकोणीस वर्षं ती दांडी धरत आल्या त्यांच्या पत्नी वनजाबाई. एरवी या नवराबायकोचं सांबारातल्या मिठावरूनही वाजतं, पण दांडी हातात आली की दोघं अवाक्षर बोलत नसत.

यंदा उगादीच्या पाडव्यानंतर वेंकोजीरावांचा उजवा हात थरथरू लागला. आधी कॉफीचा लोटा हिंदकळला, तेव्हा त्यांनी वयावर ढकललं. मग श्रावणात एका गाडीवर काम चालू असताना हातोडा दांडीला सोडून वनजाबाईंच्या बोटांशेजारून गेला आणि टायरवर आपटला. वनजाबाईंनी दांडी पुन्हा सरळ केली. वेंकोजीरावांच्या काळजात मात्र जे चर्र झालं ते पुढे कित्येक दिवस गेलं नाही. आपल्या हातून या बाईची बोटं चिरडली तर, या एका विचाराने त्यांची रात्रीची झोप उडाली. हात हलतो हे कबूल करायचं तर कारागिरी संपली म्हणायची, आणि न करावं तर तिची बोटं. त्यांनी तिसरीच वाट धरली, खोटं बोलायची. लॉकनटचं गिऱ्हाईक आलं की सांगायचं, सॉकेटचे दात झिजलेत, नवीन बेंगळूरहून यायचंय. आयुष्यात खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, प्रत्येक वेळी कान लाल व्हायचे.

दसऱ्यानंतरच्या पाचव्या दिवशी सकाळीच सोसले गावचे श्रीवत्स नावाचे प्राध्यापक गाडी फरफटत घेऊन आले. चाकातली हवा गेलेली, आणि चावी अर्थातच निर्माल्यातून कावेरीत गेलेली. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे कानडीत सांगताना फार ओशाळं वाटत होतं. वेंकोजीरावांनी झिजलेल्या दातांची गोष्ट सांगितली. पण हे गिऱ्हाईक जाणार कुठे? गाडी दारातच उभी, आणि प्राध्यापक बिचारे तोंड बारीक करून पायरीवर बसले.

तेवढ्यात वनजाबाई आतून आल्या. त्यांनी खण उघडला, तेलकट फडक्यातलं सॉकेट काढलं आणि नवऱ्यासमोर धरलं. दात चांगले धारदार होते.

वेंकोजीरावांनी त्यांना चाकाआड बोलावलं आणि खाली बघत म्हणाले, "हात हलतोय माझा, वनजा. तुला लागलं तर?"

"ठावं आहे मला. लोटा दोन हातांनी धरायलात तवापासनं ठावं आहे."

मग का नाही बोललीस, असं त्यांनी विचारलं. तुमच्या तोंडून यायची वाट बघत होते, असं त्या म्हणाल्या. दुपारी ते झोपले की त्या मागच्या अंगणात जुन्या रिमवर दांडी उभी करून घाव घालून बघत होत्या, दोन महिने. वेंकोजीरावांना अर्धवट झोपेत ते ठोके ऐकू यायचे आणि शेजारी कुणीतरी बांधकाम काढलंय असं वाटायचं.

"आता बिडी, सोडा ते सगळं. तुमी धरा, मी मारते. आन् उद्या डॉक्टरकडं जायचं."

धरलेली दांडीसुद्धा हलेल, असं वेंकोजीराव पुटपुटले. वनजाबाईंनी त्यांना पाटावर बसवलं, दांडी नटावर टेकवली, त्यांचे दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि कोपर गुडघ्यांना टेकवून दिले. दांडी स्थिर राहिली. वनजाबाईंनी पदर खोचला आणि हातोडा उचलला. खालून तो केवढा तरी मोठा दिसत होता. हा हातोडा आपण हिच्या बोटांवर एकोणीस वर्षं उगारत होतो, हे वेंकोजीरावांना या बाजूला बसल्यावर पहिल्यांदा कळलं.

"तुला भ्या नव्हतं वाटत?" त्यांनी विचारलं.

"वाटायचं की. रोज वाटायचं," वनजाबाई म्हणाल्या. "म्हणून हातोड्याकडं कदीच बगितलं न्हाई. तुमच्या तोंडाकडं बगायचे."

वेंकोजीरावांनी मान वर केली. घाव घालताना त्यांची नजर कायम दांडीवर असायची. ही बाई एवढी वर्षं आपल्याकडे बघत होती, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"हलू नका," वनजाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे बघत राहिलेल्या नवऱ्याच्या हातांतल्या दांडीच्या नेमका डोक्यावर त्यांनी घाव घातला.