मोकळं केलेलं घर

धाकटीला बैरागीण म्हणायला सुरुवात केली ती बाबांनी. भूशास्त्र शिकायला लागली तसं तिने आपली खोली रिकामी करायला घेतलं. आधी पलंग गेला, मग आरसा, मग कपाट. राहिली एक चटई, खिळ्यांवर मावतील एवढे कपडे, एक ताटली आणि कोपऱ्यात वेटोळं घालून ठेवलेला दोर.

लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे राहणारी ताई आली की दारातूनच डोकवायची. "काय ग, चोरी झालीय की तू राहतेस इथे?"

"पाठीवर मावेल तेवढंच आपलं."

"मग नवरा कसा मावायचा?"

"त्याला पाय असतील की."

बाबा खिडकीपाशी आपल्या आरामखुर्चीत बसून हसायचे. "राहू दे ग तिला. तिची खोली, तिचं राज्य."

सुट्टी लागली की बैरागीण डोंगरात. कडे चढायची, बर्फाच्या काठाने तंबू ठोकायची, सोललेल्या नाकाने परत यायची आणि चटईवर पडल्या पडल्या पुढच्या वाटेचे नकाशे पाहायची. परीक्षेनंतर चौघांच्या चमूबरोबर ती एक अख्खी डोंगररांग पायी ओलांडणार होती. महिनाभराची वाट. त्या चमूत शिरायला तिने जिवाचं रान केलं होतं.

बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. उंच केबिनमध्ये बसून बोटीतल्या पेट्या उचलायच्या आणि धक्क्यावर अलगद टेकवायच्या, हे त्यांचं काम. गुडघे कुरकुरतात म्हणून त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत आई गेली.

घर आईने भरलेलं होतं. दारालगत चपलांचं कपाट, पुढे कुंड्यांची घडवंची, घरातला बोळ वळतो तिथे उंच स्टूल, स्वयंपाकघराच्या तोंडाशी शिवणयंत्र. कुंड्यांतली झाडं केव्हाच वाळली होती. जाता-येता बाबा या प्रत्येक वस्तूवर हात ठेवायचे. कपाटावर, घडवंचीवर, स्टुलावर, यंत्रावर. बैरागीण ते रोज पाहायची. तिला वाटायचं, हे अजून आईलाच शोधताहेत. या सामानाने यांना धरून ठेवलंय.

ताईने बाबांना काही दिवस आपल्याकडे नेलं आणि बैरागिणीने तेवढ्यात काम उरकलं. जुन्या सामानवाल्याचा टेम्पो बोलावला. स्टूल, कपाट, घडवंची त्यात चढली. यंत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला दिलं. मग स्वतः भिंतींना पांढरा रंग दिला, फरशी घासली, खिडक्या सताड उघडल्या. घरात आवाज घुमायला लागला. तिला ते फार आवडलं.

बाबा दुपारी आले. ताई जिना चढेपर्यंत ते पुढे होऊन आत शिरले. त्यांचा डावा हात सवयीने खाली गेला आणि हवेतच राहिला.

"कपाट कुठाय?"

"दिलं. बघा ना बाबा, किती मोकळं वाटतंय."

ते उंबऱ्याच्या आत पाऊलभर उभे होते. चेहऱ्यावरचं सगळं कुणी पुसून घेतल्यासारखं.

"छान केलंस," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला जरा खुर्चीपर्यंत सोड. प्रवासाने थकलोय."

"चार गल्ल्यांचा प्रवास?" मागून आलेल्या ताईने विचारलं.

त्यानंतर बाबा खुर्चीतून उठेनासे झाले. पाणी मागायचे, चहा मागायचे. विचारलं तर "गुडघे" एवढंच. बैरागिणीला तो रुसवा वाटला आणि तिचंही डोकं फिरलं.

"बाबा, रागावायचं तर तोंडाने रागवा. असा संप करू नका."

"रागावलो नाही."

"मग उठा. चहा स्वयंपाकघरात ठेवलाय. मी देणार नाही."

ते खुर्चीचे हात धरून पुढे सरकले. मग उठले. बोळाच्या पांढऱ्या भिंतीला तळवा लावला आणि चालू लागले. आधी पाऊल पुढे, मग पंजाने चाचपणी, मग त्यावर वजन. ती कमरेवर हात ठेवून पाहत होती. बोळ वळतो तिथे ते वळले नाहीत. सरळ गेले आणि खांद्याने भिंतीवर आदळले.

असं चालणं तिने पाहिलं होतं. मागच्या हिवाळ्यात डोंगरावर दाट धुकं उतरलं तेव्हा सगळा चमू असाच चालला होता, दगडांच्या राशी चाचपत, कारण दुसरी खूण नव्हती.

ती धावली नाही. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला किती दिसतं?"

"समोरचं दिसतं." भिंतीकडे तोंड करूनच ते बोलले. "नळीतून पाहावं तसं. कडेचं गेलं. खालचं गेलं. पांढऱ्या भिंतींत वळण कळत नाही."

"कधीपासून?"

"क्रेनवर होतो तेव्हापासून. एकदा हुकाखाली माणूस उभा होता तो मला दिसलाच नाही. खालच्याने शिटी मारली म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी मी गुडघ्यांचं सांगून आलो."

"आणि डॉक्टर?"

"गेलेलं परत येत नाही म्हणाले. उरलेलं टिकवायला थेंब दिलेत. घालतो."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"ताईने उचलून आपल्या घरी नेलं असतं. तू डोंगर सोडला असतास. आणि इथे माझं चाललं होतं की. आईने सगळं बरोबर हाताशी ठेवलं होतं."

"मला वाटलं, तुम्हाला त्रास होतो त्या सामानाचा."

"विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"हो," बाबा म्हणाले. "म्हणूनच विचारायचं."

ती जुन्या सामानवाल्याकडे गेली. कपाट आणि घडवंची मिळाली. स्टूल विकलं गेलं होतं, कुणाला ते त्याला आठवेना. शिंपिणीने काही न विचारता यंत्र परत वर पाठवलं. ताईला सगळं कळलं तेव्हा ती आधी रडली, मग भांडली, मग बाबांना घरी न्यायची भाषा करू लागली. बाबा म्हणाले, "तुझ्या घरी मला मोरीसुद्धा सापडत नाही."

बैरागिणीने चमूला येत नाही म्हणून कळवून टाकलं. महिनाभरासाठी भरलेली पाठपिशवी तिने बोळाच्या वळणावर स्टुलाच्या जागी उभी केली. उंची जवळपास तेवढीच होती.

बाबा दारापासून निघाले. कपाट, घडवंची. मग हात पिशवीवर पडला आणि थांबला. पट्टा चाचपला, बक्कल चाचपलं.

"हे काय आहे?"

"स्टूल मिळेपर्यंत राहू दे."

"आणि तुझा डोंगर?"

"तो कुठे जातोय."

"तू घरात बसलीस तर मी या घरातला आंधळा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "रोज तुझ्या तोंडाकडे बघून मला ते कळणार. तेवढं दिसतं मला."

ते खोलीत गेले आणि आपली आरामखुर्ची दोन्ही हातांनी ओढत, फरशीवर करकर वाजवत बोळात घेऊन आले. खिडकीपाशी आता काहीच नव्हतं. त्यांनी पिशवी पायाने बाजूला सारली आणि खुर्ची वळणावर टेकवली, क्रेनने पेटी टेकवावी तशी अलगद.

"इथे उजेड नाही बाबा."

"कानाने ऐकेन मग बाहेरचं. फोन लाव त्यांना."

चमूने तिची जागा अजून कुणाला दिली नव्हती. ताई रोज संध्याकाळी यायला कबूल झाली, फक्त कुणी तिला हुकूम सोडायचे नाहीत, या अटीवर.

निघायच्या दिवशी पहाटे बैरागिणीने पिशवी पाठीवर घेतली. बाबा दारापर्यंत आले. मग वळले आणि चहा टाकायला आत निघाले. ती जिन्यापाशी उभी राहिली. कपाटावर हात पडल्याचा आवाज आला. मग घडवंचीचा. मग वळणावरच्या खुर्चीपाशी पावलं थांबली.

"गेलीस का?" आतून हाक आली.

"अजून नाही."

"मग जा. माझे पाय ऐकत उभी राहू नकोस."