बैठकीतला लोड

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार दमलेल्या बायका एका सतरंजीवर आडव्या पाडा, आपोआप साचतात! माझ्याकडे दोन वर्षांत बरेच साचलेत. सांगायला मात्र आज वेळ मिळाला.

मी देवळीत एका शाळेत क्लार्क आहे. दिवसभर दाखले आणि शिक्के. कंबर कामातून गेली तेव्हा योगाचा कोर्स केला, आणि मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी साडेपाचला समाजमंदिराच्या हॉलमध्ये बायकांचा वर्ग सुरू केला. खरं कारण सांगते. मला स्वतःला तासभर आडवं पडायचं होतं. शिकवणाऱ्या बाईला पडता येत नाही, हे वर्ग सुरू झाल्यावर कळलं!

सगळ्यांचं लाडकं आसन एकच, सुप्त बद्धकोनासन. नावाला घाबरू नका. पाठीखाली लांब लोड घ्यायचा, डोक्याखाली चादरीची घडी. तळवे एकमेकांना जुळवायचे, गुडघे दोन्हीकडे उशांवर सोडायचे, डोळ्यांवर जवस भरलेली छोटी पिशवी ठेवायची. आणि मग वीस मिनिटं काहीही करायचं नाही. यातलं शेवटचंच कोणाला जमत नाही.

* * *

लोड घरून आणा म्हटलं, तर वर्गातल्या वंदनाने सोयाबीनचा अर्धा कट्टा, म्हणजे अर्धं पोतं, आणलं. ऑफिसातून घरी जाऊन, स्कूटीवर पायाशी ठेवून! आम्ही हसलो. मग एकेकीने पडून पाहिलं आणि हसणं थांबलं. दाणे पाठ असेल तसे सरकतात, कुठे टोचत नाहीत. महिनाभर त्या कट्ट्यासाठी पाळ्या लागल्या.

एका शुक्रवारी वंदना रिकाम्या हाताने आली.

"कट्टा?"

"गेला ना मॅडम. भाव आला!"

भाव आल्याचं वाईट वाटलेला आमच्या तालुक्यातला तो पहिलाच वर्ग असेल.

* * *

नलूताई रिटायर्ड शिक्षिका. पहिल्या दिवशी लोड मांडला, चादरीची घडी केली, आणि उभ्याच राहिल्या.

"मॅडम, पाय दक्षिणेकडे येऊन राह्यले."

मी म्हटलं, हॉलच तसा आहे, वीस मिनिटांनी काय होतंय?

"तसं एकदाच झोपाचं असते," नलूताई म्हणाल्या, "आन् त्या दिवशी योगा नसते."

सगळ्या उठल्या, सगळे लोड फिरवले. तेव्हापासून आमचे पाय पंख्याच्या बटणांकडे असतात.

* * *

मी नेहमी सांगते, विचार आले तर येऊ द्या, जाऊ द्या. एकदा हॉल अगदी शांत झाला होता. मीही भिंतीला टेकले होते. तेवढ्यात वंदना डोळे मिटूनच बोलली, "कुकर बंद केला का नाई?"

झालं! चारजणी ताडकन उठल्या. दोघींनी घरी फोन लावले. नलूताई चप्पल शोधायला लागल्या.

"अगं, कोणाचा कुकर?" मी ओरडले.

"तुमचा, मॅडम! येतानी तुमच्या घरावरून आली, शिट्ट्या होऊन राह्यल्या होत्या."

मी पळत घरी गेले. वरणाचा कोळसा झाला होता. नवरा समोर खुर्चीवर बसून होता. म्हणाला, "सतरा झाल्या. तू मोजायला सांगितलं होतंस, बंद करायला नाही."

दमल्यावर माणूस भांडतही नाही. मी कुकर घासायला घेतला.

* * *

आता विमलकाकू. साठीच्या आहेत, शेतकरी घरातल्या. कापूस वेचून वेचून पाठीचं लाकूड झालंय. महिनाभर त्या नुसत्या गुंडाळलेल्या टॉवेलवर पडत होत्या, आणि उठताना कण्हत होत्या.

"काकू, घरी लोड नाही?"

"हाय ना. बैठकीत हाय. मामाजी टेकते त्याले."

मामाजी म्हणजे सासरे, पंचाऐंशीचे. बैठकीतला लोड त्यांचा. त्याला घरातली बाई टेकत नाही, एवढंच. कोणी तसं सांगितलेलं नाही, पण कोणी टेकलेलंही नाही.

"दरसाल दिवाळीच्या आंधी कापूस पिंजून मीच भरतो," काकू म्हणाल्या. "भरला लय डाव. टेकली कधी नाई."

हे ऐकून मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

मामाजी संध्याकाळी पारावर बसायला जातात, साडेसहाला परततात. पुढच्या मंगळवारी काकू गोधडीत गुंडाळून लोड घेऊन आल्या! त्यावर पडल्या आणि त्यांच्या तोंडून "माय वं!" एवढंच निघालं. पण दर दोन मिनिटांनी विचारत, "वाजले किती?" मामाजींच्या आधी लोड जागेवर गेला नाही, तर पुन्हा टॉवेल. महिनाभर असंच चाललं. पाठ लोडावर आणि जीव पारावर.

* * *

मग तो शुक्रवार. त्या दिवशी काकू वेचणीवरून थेट आल्या होत्या. पडल्या आणि वेळ न विचारताच झोपल्या. मी दाराकडे पाहिलं तर काठी टेकून मामाजी उभे, त्या दिवशी पारावरून लवकर परतलेले!



"लोड?" ते हळूच म्हणाले.

मी बोट दाखवलं. काकूंच्या डोळ्यांवर जवसाची पिशवी होती, तोंड थोडं उघडं. मामाजींनी बराच वेळ पाहिलं.

"उठते कवा?"

"दहा मिनिटांनी."

ते पायरीवर, आमच्या चपलांच्या बाजूला, चौकटीला पाठ लावून बसले. दहा मिनिटं झाली. मी सगळ्यांना उठवायच्या घंटीकडे हात नेला, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. आणखी पंधरा मिनिटं गेली. मग काठीच्या आधाराने उठले.

"मी आल्तो म्हनून सांगू नोका तिले."

काकू जाग्या झाल्या तेव्हा पावणेसात वाजले होते. तोंडचं पाणी पळालं बिचारीच्या. लोड काखेत मारून धावत सुटल्या. मंगळवारपर्यंत मला चैन नव्हतं.

मंगळवारी काकू आल्या. लोड हातात, गोधडी नाही.

"मामाजींनी पाहिलं?"

"त्यायच्या समोरूनच आनला. ते आता चटईवर बसते, भितीले टेकून. म्हनते, डॉक्टरनं सांगतलं, नरम चालत नाई, कडकच पाह्यजे."

काकूंनी लोड मांडला, तळवे जुळवले, सावकाश मागे टेकल्या. मग एकदम मान उचलली.

"पन मॅडम, चाळीस वर्सांत मामाजी दवाखान्याची पायरी चढले नाई. गेले कवा?"

"डोळे मिटा, काकू," मी म्हणाले.