उलटं फिरलं तर?

शेंद्र्याच्या आमच्या कंपनीत डबा झटक्यात संपतो, किस्से संपत नाहीत. एकानं सांगितला की दुसऱ्याला आठवतोच. मेंटेनन्सला आम्ही तिघं: मी इंजिनियर आणि दोन इलेक्ट्रिशियन, सलीमभाई आणि करमाडचा पांडुरंग. मागं एकदा हवेचा मोठा कॉम्प्रेसर गेला, अख्खी लाइन थांबली. तेव्हा प्लँट हेड काकडे साहेबांनी बजावलं, "पुन्हा गेला तर मेंटेनन्स बाहेरच्या एजन्सीला देऊन टाकीन!" तेव्हापासून तिघांनाही चैन नाही. सलीमभाई तर जेवता जेवता उठून कॉम्प्रेसरला हात लावून येतात!

* * *

काकडे साहेब मूळचे पर्चेसमधले. एकदा पॅनेलसमोर उभे राहून म्हणाले, "या फेजला दोनशे तीस व्होल्ट, त्या फेजला दोनशे तीस. मग दोघांच्या मध्ये मीटर चारशेच का दाखवतोय? वरचे साठ गेले कुठं?"

मी म्हटलं, "साहेब, दोघं एकाच वेळी टोकाला पोचत नाहीत. एक पोचतो तेव्हा दुसरा एकशेवीस अंशांनी मागं असतो."

"रोज?"

"रोज."

"मग त्याला मेमो द्या!"

* * *

तीन फेज समजावून सांगायला मी साहेबांना त्यांच्याच फिरत्या खुर्चीत बसवलं. आम्ही तिघं भोवती सारख्या अंतरावर उभे राहिलो आणि पाळीपाळीनं ढकलू लागलो. "सिंगल फेज म्हणजे एकटा माणूस ढकलतोय, मध्ये मध्ये दम खातोय. थ्री फेज म्हणजे एकाचा जोर ओसरतो तोवर दुसऱ्याचा चढतो!"

मग सलीमभाई आणि पांडुरंगनं जागा बदलल्या, पाळी तीच ठेवली. खुर्ची उलटी फिरू लागली.

"बघा साहेब, कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की मोटर अशी उलटी फिरते!"

"समजलं, समजलं! थांबवा!" साहेब डोळे मिटून ओरडले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

* * *

पांडुरंगच्या घरच्या पंख्याचा कंडेन्सर गेला. सिंगल फेजच्या मोटरीला सुरुवातीचा धक्का त्या कंडेन्सरनंच मिळतो. तो गेला की पंखा नुसता घुं घुं करतो आणि काठीनं ढकलावं त्या बाजूला फिरतो. पांडुरंगला नवा आणायला सवड होईना, सगळा जीव कॉम्प्रेसरमध्ये!

एका दुपारी त्याच्या वडिलांनी काठी लावली आणि खाटेवर आडवे झाले. थोड्या वेळानं हाक आली, "पांड्या, वारा लई सुटलाय रं!"

"मग झोपा की!"

"समदा स्लॅबला लागतोय! मला काय वर चिकटून झोपू व्हय?"

* * *

आमच्या मोटरींमुळं करंट व्होल्टेजच्या मागं पडतो. अंतर फार वाढलं की वीजबिलात दंड बसतो. हे ऐकून साहेबांनी कपाळाला हात लावला.

सलीमभाई म्हणाले, "साब, गुलमंडी के बाजार में बेगम आगे, मैं थैली ले के पीछे. फासला बढ्या तो हमारे घर में बी दंड इच है!"

* * *

आणि मग कंपनीचा ट्रान्सफॉर्मर बदलला.

नवं काम म्हटलं की फेजचा क्रम बदलू शकतो. दिवे, पंखे यांना फरक पडत नाही, पण थ्री फेजची प्रत्येक मोटर उलटी फिरते. आमचा कॉम्प्रेसर काही क्षण जरी उलटा फिरला तरी कायमचा गेला. त्याच्यामागून आम्हीही.

ट्रान्सफॉर्मरवाल्यांनी जाता जाता काकडे साहेबांसमोरच आपला मीटर लावून दाखवला: क्रम उलटा! मी दोघांना म्हटलं, "मेन बंद करा, कॉम्प्रेसरच्या दोन वायरी बदलायच्यात." आणि वर्क परमिटवर सही घ्यायला ऑफिसात गेलो. काकडे साहेब जागेवर नव्हते. वाट बघून तसाच परत आलो.

दोघं नुकतेच चहा पिऊन आले होते. मेन चालू झाला. सलीमभाईंनी "बिस्मिल्ला" म्हणून बटणाकडं बोट नेलं.

"बदलल्या ना वायरी?" मी विचारलं.

"हौ, मैं बदल दिया."

"आँ? म्या बी बदलल्या की!" पांडुरंग म्हणाला. "मला धीरच निघंना!"

दोनदा बदलल्या, म्हणजे क्रम पुन्हा उलटाच! मेन बंद केला. मी स्वतः पाना घेतला, तिसऱ्यांदा अदलाबदल केली आणि बोल्ट आवळले. आता सरळ. मेन चालू. सलीमभाईंचं बोट पुन्हा बटणावर आलं.

तेवढ्यात पॅनेलच्या मागून काकडे साहेब धावत आले. शर्टाच्या बाह्या वर, कोपरापर्यंत ग्रीस, हातात पाना.

"थांबा! तुम्ही चहाला गेलात ना, तेव्हा मीपण बदलल्यात!"