एकतिसावा निबंध

वर्गात मुलं तीस आणि वर्गाच्या वेबसाइटवर निबंध एकतीस. आता हा जास्तीचा कुठून टपकला? कुठून म्हणजे काय, खुद्द बाईंनीच घुसडला होता!

बाई कॉलेजात इंग्रजी लेखन शिकवायच्या. मुलांनी निबंध साइटवर टाकायचे, नाव नाही, फक्त नंबर, आणि एकमेकांचे वाचून शेरे द्यायचे. बाईंचा नियम एकच, पण कडक: नुसतं 'छान' म्हणून सुटायचं नाही, लिहिणाऱ्याला एक तरी प्रश्न विचारायचाच. मुलं वैतागायची. हा नियम आला कुठून, ते त्यांना काय ठाऊक!

तो बाईंच्या यजमानांचा. गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचे, इंग्रजी बेताचंच. तरी बाईंनी लिहिलेल्या गोष्टीचं प्रत्येक पान चहा गार होईपर्यंत वाचायचे आणि डोकं खाजवत म्हणायचे, "पण अगं, त्या म्हातारीचं पुढे काय झालं?"

"अहो, तुम्हाला कळत नाही त्यातलं!" बाई फणकारायच्या, आणि मुकाट्याने पान पुन्हा लिहायच्या.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता कुणाला लिहिलेलं दाखवलं, तर तोंडदेखलं 'सुंदर' मिळायचं. त्या एका प्रश्नासाठी बाईंचा जीव तळमळायचा. म्हणून हा एकतिसाव्या निबंधाचा उपद्व्याप. निबंधात त्यांनी यजमानांचं वाचणंच लिहिलं: खुर्ची, चष्मा, गार चहा. मरणाचं मात्र अक्षर नाही. हातच धजला नाही.

शुक्रवारी दुपारी स्टाफरूममध्ये त्यांनी शेरे उघडले. पहिला: 'छान.' गेला नियम खड्ड्यात! दुसऱ्याने नुसतेच स्वल्पविराम सुधारले होते. बाई हिरमुसून लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात तिसरा दिसला, चौदा नंबरचा, मोडक्यातोडक्या इंग्रजीत: 'हे वाचणारे गृहस्थ मला आवडले. पण शेवटी ते दिसतच नाहीत. त्यांचं काय झालं?'

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. शेजारचे गणिताचे सर घाबरलेच. "बाई, काय झालं हो?"

"काही नाही सर. कुणीतरी विचारलं."

दुरुस्तीची मुदत संध्याकाळपर्यंतच होती, बाईंनीच दिलेली. त्यांनी नाक पुसलं, निबंध उघडला आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं: 'ते गेले तेव्हा माझं एक पान खुर्चीवर अर्धं वाचून ठेवलेलं होतं. त्यांचा प्रश्न विचारायचा राहून गेला.'