सड्यावरचं गवत

आमच्या सड्यावरचं गवत मी खणून काढलं. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. गोवा राज्य झालं त्या सुमाराला मी शेतीचं प्रशिक्षण घेऊन डिचोलीला परतलो होतो. घरामागच्या त्या उतरत्या कातळमाळावर, जांभ्या दगडावरच्या वीतभर मातीत आपोआप येणारं ते गवत गुडघ्याएवढंच वाढायचं. मला तिथं माणसाच्या उंचीचं, चाऱ्यासाठी लावतात ते नेपियर गवत हवं होतं.

"भाऊजी, याला खोल जमीन लागत असेल ना?" वहिनीनं विचारलं. दादा गेल्यापासून गोठा तीच सांभाळत होती.

"तुम्ही दूध काढा, गवताचं माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

जुनी मुळं गेल्यावर मातीला धरून ठेवणारं काही उरलं नाही. नेपियर रुजायच्या आतच पावसानं ती ओहोळात नेली आणि खालचा तांबडा दगड उघडा पडला. तिथं पुन्हा चारा झाला नाही. विकतच्या पेंढ्यावर गाई पोसवेनात, म्हणून वहिनीनं त्या पेडण्याला माहेरी पाठवल्या. मी वास्कोत नोकरी धरली आणि हा विषय टाळत राहिलो.

बऱ्याच वर्षांनी दिवाळीच्या पाडव्याला घरी आलो. गोरवांना, म्हणजे गुरांना, तांदळाच्या धिरड्यांसारखे पोळे खायला घालायचा तो दिवस. वहिनी रिकाम्या गोठ्यात एकेका गाईचं नाव घेत गव्हाणीत पोळे ठेवत होती.

"दर वर्षी ठेवता?"

"मग? सण त्यांचा."

मी तिथंच खाली बसलो. "वहिनी, तुम्ही विचारलं होतंत, मी ऐकलं नाही. तुमचा गोठा मी रिकामा केला. मला माफ करा."