नळावरची मोटर

पावसाने सलग तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात अप्पांनी नळाला मोटर बसवली. अप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गार्ड होते. भुसावळहून त्यांची जयपूरला बदली झाली होती आणि आम्ही तिलक नगरात भाड्याने राहत होतो. पाणी पहाटे अर्धा तास यायचं, करंगळीएवढ्या धारेने. मोटर लावली की भरभरून यायचं. बटण दाबायचं काम माझं. मी तेव्हा नववीत होते.

गल्लीच्या टोकाला एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. सगळे त्यांना बहनजी म्हणत. आमची मोटर सुरू झाली की त्यांचा नळ नुसता फुसफुसायचा. हे मला चौथ्या दिवशी कळलं, त्या रिकामी बादली घेऊन दारात आल्या तेव्हा.

“बेटा, तुम्हारे यहाँ पानी आया?”

“नहीं आया, बहनजी.”

त्यांनी माझ्या ओल्या हातांकडे पाहिलं आणि गेल्या.

मी आईला सांगितलं. ती कूलरच्या टाकीत पाणी ओतत होती. “अगं, सगळेच लावतात. आपण एकट्याने बंद केली तर पाऊस पडणार आहे का?”

शाळेत सांगत, माणसानेच झाडं तोडून पाऊस घालवला. ते ऐकून मी धास्तावायचे आणि घरी येऊन कूलरसमोर बसायचे. हळूहळू धास्तीही वाटेनाशी झाली. उठायचं, बटण दाबायचं, पुन्हा झोपायचं. एकदाच मी मोटर लावली नाही. अप्पांनी उठून स्वतः लावली.

जूनमध्ये बहनजी हातपंपावरून पाणी आणताना चक्कर येऊन पडल्या. मनगट मोडलं. अलवरहून त्यांचा भाऊ आला, त्याने सामान टेम्पोत चढवलं. जाताना त्यांनी तुळशीची कुंडी माझ्या हातात दिली. “तुम्हारे यहाँ पानी रहता है,” म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले, “आज धार बरी आहे.”

आता माझी नात विचारते, “आजी, पाणी असं संपत चाललंय हे तुमच्या वेळी कुणाला कळत नव्हतं का?”

मी सांगते, कळत होतं.