विहिणीची विलो

माझ्या विहीणबाईंकडे एक ठेंगणी विलो आहे. जेमतेम कमरेइतकं झुडूप, पण पानं अशी की कोवळी असताना गुलाबी, मग पांढरट, मग हिरवी. फूल नाही, फळ नाही, देवाला वाहायची सोय नाही. नुसतं दिसायचं काम. ते मात्र ती चोख करते. त्यांच्या खराडीच्या रो-हाउसच्या फाटकातून आत शिरलं की आधी तीच दिसते. त्या दिवशी तिच्याशेजारी हातात कात्री घेऊन माझी मुलगीही बसली होती.

ही तीच मुलगी, जिने लग्नाआधी आमच्या तुळशीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाही. आता ती मला शिकवत होती, "अगं आई, फेब्रुवारीत अगदी निर्दयपणे छाटायची असते, तरच हा रंग येतो." विहीणबाई शेजारी बुटक्या स्टुलावर बसून पडलेल्या काड्या वेचत होत्या. दोघींचं मधूनमधून हळू आवाजात काहीतरी चाललं होतं, आणि मी पाहुणीसारखी पोह्यांची बशी धरून उभी. मी जळले. यासाठी दुसरा सभ्य शब्द असेल तर मला माहीत नाही.

चोरून आणलेली फांदी हमखास लागते, अशी आमच्या पिढीतल्या बायकांची ठाम समजूत आहे. दोघी चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी वेचलेल्या काड्यांना हात लावला नाही. झाडाचीच एक चांगली जाड फांदी मोडली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. सहकारनगर येईपर्यंत रिक्षात पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते.

विलोला मुळं फुटायला फार काही लागत नाही. ओट्यामागच्या खिडकीत पाण्याच्या ग्लासात ठेवली, काही दिवसांत पांढरी मुळं दिसायला लागली. आमचा तळमजल्यावरचा फ्लॅट, मागे सतरंजीएवढी बाग. दुपारी भिंतीची सावली पडते त्या कोपऱ्यात तिला लावली. पुढच्या वर्षी छाटल्यावर तिला रंगही आला. मी लगेच मुलीला फोटो पाठवला. "मस्त" एवढंच उत्तर आलं. ती काही आली नाही. हे गेल्यापासून घरात मी एकटीच असते. मुलीचं येणं म्हणजे सणासुदीला, तेही सारखं घड्याळाकडे बघत.

मग मार्चमध्ये मी दोन दिवस बहिणीकडे राहून आले आणि बघते तर विलोने मान टाकलेली. घाबरून फोटो पाठवला. मुलगी रविवारी सकाळीच हजर. खुरपं मागून घेतलं, आळं नीट केलं, पाणी घातलं. मग जेवली, आणि दुपारी माझ्या शेजारी आडवी होऊन ऑफिसातल्या कुरबुरी सांगत राहिली. संध्याकाळी विलो ताठ उभी होती. मी तर त्याच्या आधीच.

तेव्हापासून मी शुक्रवारी आणि शनिवारी तिचं पाणी तोडायला लागले. शनिवारी संध्याकाळी फोटो, रविवारी मुलगी. खराडीतल्या झाडाजवळ त्या दिवशी कोण बसत असेल, याचा विचार करून मला जेवण जास्तच गोड लागायचं.

मे महिन्यात एका रविवारी तिच्याबरोबर विहीणबाईही आल्या. माझ्या रविवारात यांचं काय काम, असं मनात म्हणत मी सरबत केलं. मुलगी शेणखत आणायला नर्सरीत गेली. विहीणबाई बागेत गेल्या, वाकल्या आणि विलोच्या मातीत बोट खुपसलं. शेजारीच मोगऱ्याचं आळं ओलंगच्च होतं.

"विहीणबाई, मोगऱ्याला बरं पाणी मिळतं."

फांदीचाही विषय आता निघणार, म्हणून तयारीत राहिले. पण त्या पायरीवर बसल्या.

"आमचा मुलगा रविवारी दुपारपर्यंत झोपतो," त्या म्हणाल्या. "ही इकडे. मी आणि टीव्ही." मग बोट पदराला पुसत त्यांनी विचारलं, "किती दिवस तोडायचं असतं हो पाणी?"

'चार' अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. मे महिन्यात चार दिवसांत त्यांच्या विलोचं सरपण झालं असतं. पण त्या माझ्याकडे न बघता मोगऱ्याकडे बघत बसल्या होत्या, आणि मला खोटं बोलवेना.

"दोन पुरतात," मी म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखा फोटो पाठवला. रविवारी सकाळी मुलीचा फोन आला.

"आई, आज नाही जमणार गं. इकडची विलो पार झोपलीये. आई बिचाऱ्या रडकुंडीला आल्यात. तुझ्या झाडाला तूच घाल ना थोडं पाणी."